सूर्यदर्शनाचे डोहाळे

एखाद्या जिवाचे आयुष्य किती आहे हे त्याच्या जन्माआधीच कळून चुकले, तर त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य कोणते, हा प्रश्न पूर्वीच्या माणसांपुढे कधी उभा राहिला नव्हता. मरण अटळ आहे हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु ते केव्हा येणार हे झाकलेले असते, आणि त्या आडोशाला बसूनच आईबाप पाळणा बांधतात, नाव शोधतात, झबली शिवतात. विज्ञानाने तो आडोसा एके दिवशी दूर केला, तर प्रेमाने काय करावे? वाट्याला आलेले दिवस, क्लेश देऊन का होईना, ओढून लांबवावेत, की आहेत तेवढेच दिवस उजेडाने भरून द्यावेत? दोन्ही वाटा प्रेमाच्याच, आणि म्हणूनच त्यांतून एक निवडणे दुःसह. मिरजेच्या बिवलकरांच्या घरी हा प्रश्न ऐन वैशाखात आला, तेव्हा त्याचे रूप मात्र अगदी साधे होते. ठरलेल्या परदेशच्या सहलीला जायचे, की नाही?

सहल ठरवली होती शार्दूलने, थंडीच्या दिवसांत, घरात सगळे कुशल असताना. लग्नानंतर राहून गेलेला प्रवास बाळ येण्याआधी उरकून घ्यावा, असा त्याचा बेत होता. नॉर्वेच्या उत्तरेला काही बेटे आहेत. तिथे ज्येष्ठ महिन्यात सूर्य मावळतच नाही, क्षितिजाच्या कडेकडेने नुसता फिरत राहतो. तिथली चित्रे त्याने जेवणाच्या टेबलावर आईपुढे आणि बायकोपुढे मांडली.

"आठवा महिना संपताना विमानात?" वृंदाताई म्हणाल्या. "शार्दूल, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"आई, तो जुना नियम गेला आता. कानोशाची चिठ्ठी दाखवली की नवव्यातसुद्धा बसू देतात."

"मला विचारलंय का कुणी?" ईश्वरीने पदराने नाक झाकून घेतले होते. "इथे मला साध्या भाताच्या वासानं मळमळतंय, आणि हा मला माशांच्या देशात नेतोय!"

तिघेही हसले. वृंदाताईंना पुढे अनेकदा ते हसणे आठवे. पतीच्या निधनानंतर त्या घरात इतके मोकळे हसू बऱ्याच काळाने उमटले होते.

कानोसा म्हणजे जाईच्या पाकळीसारखी पातळ एक चकती. गर्भारपण तिसऱ्या महिन्यात गेले की ती बेंबीखाली चिकटवत असत. बाळाच्या हृदयाचे ठोके ती ऐके, त्याची हालचाल टिपे, आणि गर्भाला पोसणारी वार जी असंख्य सूक्ष्म द्रव्ये आईच्या रक्तात सोडते त्यांचा माग घामातून घेई. ही सारी माहिती दूरच्या संगणकात जाई आणि तिथे त्या बाळाचे एक प्रतिरूप तयार होई. ते चित्र नव्हे. ते गणित होते. खऱ्या बाळाचे अवयव ज्या नियमांनी वाढतात त्याच नियमांनी प्रतिरूपाचेही अवयव वाढत, फक्त त्याचा काळ वेगाने धावे. त्यामुळे बाळाचा उद्या आईबापांना आज दिसे. प्रसूती कोणत्या सुमारास होईल, वजन किती भरेल, कावीळ होईल का, हे सारे आधी कळू लागले, आणि पुष्कळ बाळे त्यामुळे वाचली. मुलगा की मुलगी, एवढे मात्र कानोसा कधी सांगत नसे. त्याला कायद्याची मनाई होती. मृत्यू सांगायला मनाई नव्हती.

तो चैत्राच्या अखेरीस कळला. डॉक्टर निकहत मुजावर या मुलींच्या शाळेत वृंदाताईंच्या विद्यार्थिनी. एके काळी संस्कृतात पहिल्या आलेल्या. वृंदाताई दवाखान्यात आल्या की त्या खुर्चीतून उठत आणि "बाई, आज विभक्ती विचारू नका हं," असे म्हणत. त्या दिवशी त्या उठल्या, पण काही म्हणाल्या नाहीत.

"हृदय, मेंदू, मूत्रपिंडं, सगळं उत्तम आहे," त्या सावकाश सांगू लागल्या. "पण फुप्फुसांत हवेच्या ज्या बारीक पिशव्या तयार व्हायला हव्यात, त्या होतच नाहीयेत. आत आहे तोवर बाळाला त्यांची गरज नाही. नाळेतून सगळं मिळतंय. ईश्वरी, बाळ आत अगदी सुखात आहे, हे मी तुला समजूत घालायला सांगत नाहीये. ते खरंच सुखात आहे. पण नाळ कापली की..."

"की किती?" शार्दूलने विचारले.

"तासभर. थोडं जास्त, फार तर."

"आणि यंत्रावर ठेवलं तर?"

"पुण्याला मोठं केंद्र आहे. तिथे दहा-बारा दिवस निघतील. पण यंत्र जी हवा ढकलेल ती घ्यायला आत जागाच नाही. म्हणून बाळाला गुंगीत ठेवतात. डोळ्यांवर पट्टी असते. त्यापलीकडे गेलेलं प्रतिरूप मी पाहिलेलं नाही."

ईश्वरीने एकच विचारले, "त्याला आत्ता काही दुखतंय का?"

"नाही, बाळा. अजिबात नाही."

डोहाळजेवणाचा दिवस ठरला होता. फुलांच्या वाडीची वर्दी दिली होती. वृंदाताईंनी बोलावलेल्या प्रत्येकीला स्वतः फोन करून ईश्वरीला ताप असल्याचे सांगितले. माळिणीला मात्र काय सांगावे हे त्यांना सुचेना. मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली घरी आली आणि दोन दिवस देवघराच्या उंबऱ्याशी उमलत राहिली.

त्यानंतर घरातली तीन माणसे तीन दिशांनी दुःख करू लागली.

शार्दूल सांगलीच्या एका कारखान्यात पंपांचे आराखडे करी. यंत्र बिघडले की आराखडा बदलून पाहायचा, हीच त्याची आयुष्यभराची रीत. संध्याकाळी घरी आला की तो आपल्या खोलीत पडद्यासमोर बसे आणि प्रतिरूप चालवी. आईबापांना तशी मुभा होती. प्राणवायू वाढवून पाही, औषध बदलून पाही, प्रसूती आधी घडवून पाही. पडद्यावर लहानशी आकृती जन्म घेई, शेजारची रेघ काही वेळ नाचे, आणि सपाट होई. मग तो एखादा आकडा बदलून पुन्हा सुरुवात करी. सहल रद्द करून पुण्याला त्या केंद्राजवळ घर घ्यायचे, हे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. ईश्वरीच्या खोलीत तो औषध द्यायला जाई, पाण्याचा पेला ठेवी, आणि तिच्या पोटाकडे न पाहता बाहेर येई.

वृंदाताईंनी निकालाच्या आधीच कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते. आंबलेला गहू माणसांच्या दुःखासाठी थांबत नाही. त्यांनी तो वाटला, चीक शिजवला, आणि पहाटेच गच्चीवर धोतर पसरून सोऱ्याने कुरडया घालायला बसल्या. ऊन कोवळे होते. ईश्वरी वर आली आणि खुर्चीत बसली.

"आई," ती एकदम म्हणाली, "हात इकडे आणा. चिकाचा असला तरी चालेल."

वृंदाताईंनी हात ठेवला. आत काहीतरी हळूच, संथपणे वळत होते; झोपेतले माणूस कूस बदलते तसे.

"उन्हाकडे वळतंय," ईश्वरी म्हणाली. "काल मला वाटलं भास असेल. आता बघा." तिने खुर्ची फिरवली आणि दुसरी कूस उन्हाला दिली. थोड्या वेळाने ते आतले संथ वळणे पुन्हा सुरू झाले, आणि वळून उजेडापाशी थांबले.

या महिन्यांत पोटाच्या ताणलेल्या कातडीतून ऊन आत झिरपते. बाळाला ते लालसर दिसत असावे, असे निकहतने पुढे सांगितले. कानोशानेही त्या दिवसापासून नोंद केली, की या बाळाचा कल प्रकाशाकडे आहे. मग ईश्वरी रोज सकाळी गच्चीवर येऊन बसू लागली. सूर्य इमारतींच्या आड गेला की ती खिन्न होई. एका संध्याकाळी पायऱ्या उतरताना ती कठड्याला धरून थांबली.

"आई, मला त्या बेटांवर जायचंय. जिथे तो मावळत नाही तिथे. पुण्याला नको. त्याच्या डोळ्यांना पट्टी नको मला." आणि मग, लहान मुलीसारखी, "तुम्हीही चला ना आमच्याबरोबर. बाळ तुमच्या मांडीवर येऊ दे."

वृंदाताई "बघू" म्हणाल्या. मनात त्या निघाल्याच होत्या. परंतु आठवडाभरातच एका सकाळी त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरला. डावा डोळा लहानपणापासून अधू; जगाशी गाठ होती ती त्या एका उजव्या डोळ्याचीच. शस्त्रक्रिया झाली. डोळ्याच्या आतला निसटलेला पडदा जागी दाबून धरण्यासाठी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला गेला, आणि तो विरेपर्यंत मान खाली घालून राहावे अशी आज्ञा झाली.

"आयुष्यभर पोरींना मान वर करा म्हणून दटावलं," त्या निकहतला म्हणाल्या. "आता मलाच शिक्षा."

"मान खाली ठेवा, बाई, आणि विमानाचं नावही काढू नका. वर हवा विरळ होते, बुडबुडा फुगतो. डोळा जाईल. दोन महिने तरी."

वृंदाताईंनी मान खाली घातलेलीच होती, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटले ते कुणाला दिसले नाही.

त्या घरी आल्या त्या संध्याकाळी शार्दूल नेहमीप्रमाणे पडद्यासमोर होता. भिंतीला हात लावत त्या त्याच्या दाराशी गेल्या.

"आई, आज चौदा दिवस मिळाले," तो वळून म्हणाला. त्याच्या आवाजात आशेसारखे काही होते. "गेल्या आठवड्यात बारा होते."

"कुणाला मिळाले?"

"बाळाला."

"मग त्या चौदा दिवसांत त्यानं काय केलं?"

त्याने पडद्याकडे पाहिले.

"डोळ्यांवर पट्टी होती ना?" वृंदाताई म्हणाल्या. "शार्दूल, तू रोज संध्याकाळी घरी येतोस आणि त्याला मारतोस. किती वेळा गेलं रे ते तुझ्यापुढे? आणि जे शेजारच्या खोलीत जिवंत आहे, त्याच्यावर या महिन्याभरात एकदा तरी हात ठेवलास का?"

"मग काय करू मी?" तो ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. "हातपाय गाळून सहलीला जाऊ? लोक काय म्हणतील? पोर मरायला टेकलं होतं आणि बाप परदेशात समुद्रावर फोटो काढत होता! तुला सोपं आहे बोलायला. तुला जायचं नाही, राहायचं नाही, काही ठरवायचं नाही."

शब्द सुटल्यावर त्याला ते कळले. वृंदाताई खाली पाहत तशाच उभ्या होत्या.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "मला काही ठरवायचं नाही. उद्या सकाळी मला तेवढं गच्चीवर नेऊन बसव. मला पायऱ्या दिसत नाहीत."

सकाळी तो त्यांना हाताला धरून वर घेऊन गेला. ईश्वरी आधीच येऊन बसली होती. वृंदाताईंनी मुलाचा हात सोडला नाही; चाचपडत तो ईश्वरीच्या पोटावर नेऊन ठेवला. तो मागे घेऊ लागला, तेव्हा वरून आपल्या तळव्याने दाबून धरला. ईश्वरीने खुर्ची फिरवली.

"वळलं," शार्दूल म्हणाला. थोड्या वेळाने, "पुन्हा फीर बघू. हां... अगं, आलं की इकडे! ईश्वरी, हे तर... एकदा छत्री धरतो. छत्री धरल्यावर काय करतं बघू."

"लाथ मारतं. छत्री आवडत नाही त्याला."

त्याने छत्री धरली, आणि लाथ बसली. तो मोठ्याने हसला. हसता हसताच तो खाली बसला आणि ईश्वरीच्या गुडघ्यावर कपाळ टेकून असा रडू लागला, की वृंदाताईंनी तसे रडणे त्याच्या वडिलांच्या वेळीही ऐकले नव्हते. त्या संध्याकाळी त्याच्या खोलीतला पडदा काळाच राहिला.

परंतु निर्णय अजून झाला नव्हता. प्रवासाच्या चिठ्ठीसाठी तिघे निकहतकडे गेले, तेव्हा निकहतने दार लावून घेतले.

"मी जा म्हणणार नाही, जाऊ नका असंही म्हणणार नाही. ईश्वरीच्या जिवाला धोका फारसा नाही. त्या बेटांवर चांगलं रुग्णालय आहे, मी त्यांच्याशी बोलले आहे. कानोशाप्रमाणे प्रसूती तुम्ही परत आल्यानंतरच आहे. म्हणजे बाळ इथेच, बाईंच्या हातांत येईल. पण एक गोष्ट लपवणार नाही. गर्भाशयाला रात्र कळते. अंधार पडला की आईच्या शरीरात काही द्रव्यं वाढतात, आणि कळांचा त्यांच्याशी संबंध असतो. कानोसा दिवस मोजतो तो याच दिवसरात्रींच्या तालावर. जिथे रात्रच नाही, तिथल्या गर्भारणींची माहिती त्याच्यापाशी फार थोडी आहे. तो तिथे चुकू शकतो."

ईश्वरीने सासूकडे पाहिले. वृंदाताईंची मान खालीच होती.

"मग नको," ईश्वरी म्हणाली. "आईंना बाळ दिसायलाच हवं. आम्ही नाही जात."

वृंदाताईंना त्या क्षणी फक्त गप्प बसायचे होते. एवढे केले असते तर नातवंड त्यांच्या मांडीवर आले असते. तासभर का होईना, त्यांच्या कुशीत श्वास घेऊन गेले असते. कुणीही त्यांना बोल लावला नसता. त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"ईश्वरी," त्या म्हणाल्या, "जुन्या वैद्यांनी गर्भवतीला दोन हृदयांची म्हटलंय. तिचे डोहाळे पुरवायचे ते तिचे लाड म्हणून नव्हे गं. ती मागते तेव्हा आतलं दुसरं हृदय मागत असतं. त्याला तोंड नाही म्हणून तिच्या तोंडानं. कुणी चिंच मागतं, कुणी माती. आपल्या बाळानं सूर्य मागितलाय. आणि मी म्हणू, की थांब, आधी आजीला भेट?"

"आई, पण..."

"बाळ चार महिन्यांचं झालं की त्याला प्रथम घराबाहेर आणतात, आणि उगवता सूर्य दाखवतात. संस्कार आहे तो. शार्दूलला माझ्या वडिलांनी दाखवला होता. हा जांभई देत होता. या बाळाचा चौथा महिना यायचा नाही. मग त्याचा संस्कार आत्ताच करायला हवा, आणि या वेळी तो आईबापांनीच करायचा." मग नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "आणि मला काय दिसणार आहे गं? माझ्या डोळ्यात तर बुडबुडा. निकहत, चिठ्ठी दे त्यांना."

निघण्याच्या दिवशी त्यांनी ईश्वरीला पाटावर बसवले आणि राहून गेलेली ओटी भरली. मोगऱ्याचे बाजूबंद त्यांनी स्वतः गुंफले होते. नीट दिसत नसल्याने एकात फुले दाट झाली होती, दुसऱ्यात विरळ.

"आई, एवढे तांदूळ, त्यात नारळ! विमानतळावर उघडून बघतील," शार्दूल म्हणाला.

"बघू दे. म्हणावं, एका आजीनं दिलंय."

बेटांवरून रोज फोन येई. तिथे समुद्राच्या काठाशी तांबड्या लाकडी घरांची ओळ होती, मागे काळे डोंगर, आणि डोंगरांच्या अंगाखांद्यावर ज्येष्ठातही बर्फ. सूर्य खाली येई, पाण्याला टेकेलसा वाटे, आणि न टेकताच पुन्हा वर जाऊ लागे. "आई, झोपेचं खोबरं झालंय आमच्या," ईश्वरी सांगे. "सूर्य फिरतो तसं हेही फिरतंय. पोटात भोवरा ठेवलाय नुसता." मागून शार्दूल ओरडे, "आणि हिनं मासा खाल्ला! दोनदा!" वृंदाताई मान खाली घालून फोन मांडीवर ठेवीत आणि ऐकत. शार्दूलने प्रतिरूप पुन्हा चालवले का, हे त्यांनी विचारले नाही. त्याच्या आवाजावरून त्यांना कळत होते.

परतीचे दिवस जवळ आले, तेव्हा त्यांनी पाळणा मात्र काढला नाही. एक मऊ जुने लुगडे धुऊन, घडी करून उशाशी ठेवले. तासाभरासाठी पाळणा कशाला? मांडी पुरेल.

कानोसा चुकला. मिरजेत उजाडत असताना फोन वाजला आणि पडद्यावर शार्दूलचा चेहरा आला; त्याच्या पाठीमागे लख्ख ऊन होते.

"आई, झाली. मुलगी आहे, आई. मुलगी."

कायद्याने झाकून ठेवलेली तेवढी एक गोष्ट उरली होती. ती ऐकताच वृंदाताईंच्या तोंडून "अगंबाई!" असे अगदी आनंदाचे शब्द निघाले, आणि पुढच्याच श्वासात त्यांना सारे आठवले.

बुडबुडा आता अर्धा विरला होता. नजरेच्या खालच्या भागात त्याची कड पाण्यासारखी डुचमळे. वरच्या भागात स्पष्ट दिसे. त्यांनी फोन दोन्ही हातांनी उंच धरला. सुईणीने खाट बाहेर गवतावर आणली होती. ईश्वरीच्या छातीवर, मोगऱ्याएवढी नाजूक, ती पहुडली होती. ईश्वरीच्या पोटावरची चकती कुणीतरी सोलून काढून ठेवली होती. मुलीने डोळे किलकिले केले, मिटले, आणि मग पूर्ण उघडले. तिचे तोंड उजेडाकडे होते. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"तिला थोडं औषध दिलंय," शार्दूल म्हणाला. "दुखत नाहीये तिला. आई, तू म्हणतेस ना तो संस्कार? आता कर."

वृंदाताईंनी सूर्याचा तो प्राचीन मंत्र म्हणायला सुरुवात केली. वडिलांच्या तोंडून ऐकलेला, शार्दूलच्या वेळी स्वतः पुटपुटलेला. देवांनी पूर्वेला ठेवलेला तो तेजस्वी डोळा आम्हांला दिसो, इथवर आवाज स्थिर होता. पुढे त्या मंत्रात शंभर शरद ऋतूंचे मागणे आहे. शंभर शरद पाहू, शंभर शरद जगू. तिथे त्या थांबल्या. हजारो वर्षे माणसे जे सहज मागत आली, ते शब्द त्यांच्या जिभेवर येऊन बसले आणि हलेनात.

पलीकडे वारा वाहत होता. ईश्वरी मुलीवरून नजर न काढता म्हणाली, "आई, थांबू नका ना. ती ऐकतेय. आवाज ओळखते तुमचा."

"हा दिवस पाहा, बाळे," वृंदाताई म्हणाल्या. "सगळा पाहा. तुझ्यासाठीच तो मावळायचा थांबलाय."

मग त्या बोलतच राहिल्या. कुरडया घालताना तिने पहिल्यांदा कूस कशी बदलली, छत्रीला लाथ कशी मारली, आईकरवी मासा कसा खाल्ला, असे सारे तिचे चरित्र त्यांनी तिला सांगितले. शार्दूलने तिला आभा म्हणून हाक मारली. कानोशाने सांगितलेला तास कधीच उलटून गेला, तरी ती होती. आणि मग, गोष्ट पुढे चालू असतानाच, ईश्वरीने वर पाहिले. वृंदाताईंनी गोष्ट पुरी केली, आणि मगच फोन खाली ठेवला.

इतक्या लहान मुलांना अग्नी देत नाहीत. समुद्राकडे उतरणाऱ्या एका हिरव्या उताराच्या मातीत, मोगऱ्याच्या सुकलेल्या बाजूबंदासह, आईबापांनी तिला ठेवले.

ते दोघे परत आले तेव्हा वृंदाताई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी शार्दूलवरून ओवाळला, ईश्वरीवरून ओवाळला, आणि क्षणभर हात थांबवून, तिच्या रिकाम्या बाहूंवरूनही ओवाळून टाकला. ईश्वरीचा पदर दुधाने ओला झाला होता. वृंदाताईंनी उशाशी ठेवलेले मऊ लुगडे आणले, तिच्या छातीशी बांधले, आणि तिला जवळ घेतले. तेव्हा कुठे ती मोठ्याने रडली.

संध्याकाळी तिघे गच्चीवर बसले. सूर्य इमारतींच्या मागे उतरू लागला. इतक्या दिवसांत ईश्वरीने मावळती पाहिली नव्हती. ती धडपडून उठली.

"मला नाही बघवत, आई. आत जाते."

"बस," वृंदाताई म्हणाल्या. "आम्ही आहोत."

शार्दूलने तिचा हात धरला. ऊन कठड्यावरून सरकले, भिंतीवर चढले, विझले. खाली रस्त्यावर दिवे लागले. वृंदाताईंनी आता मान वर करायला हरकत नव्हती. त्यांनी ती वर केली, दोघांकडे डोळे भरून पाहिले, आणि एकेक हात दोघांच्या मस्तकांवर ठेवला.

"तुम्ही माझ्या नातीला रात्र दिसू दिली नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "आता तुमच्या रात्री तुम्हाला सौम्य होवोत."